फुटबॉलमधील पात्रता-स्पर्धा



तळोद्याच्या एखाद्या शाळेचा फुटबॉल-संघ पावसाळ्याच्या दिवसांत जिल्ह्याच्या स्पर्धेसाठीं नंदुरबारास जातो, तेव्हां त्या मुलांच्या मनांत एक हिशेब अगदीं पक्का असतो. येथें जिंकलें तर नाशिक विभागाची स्पर्धा. तेथें जिंकलें तर राज्याची. आणि राज्यांत पहिलें स्थान मिळालें तर १९६० सालापासून शाळकरी मुलांसाठीं भरत आलेल्या सुब्रोतो चषकाच्या स्पर्धेला थेट दिल्ली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवाला राजधानीशीं जोडणारी ही एक शिडी आहे. राष्ट्रांनाही अशीच शिडी चढावी लागते. त्या शिडीची पहिली पायरी कधीं लेबाननमध्यें असते, कधीं येमेनमध्यें, तर कधीं गोव्यांत मडगांवच्या फातोर्डा मैदानावर. आणि तिचें वरचें टोक आशियाई चषकाला किंवा जागतिक चषकाला टेकलेलें असतें. या शिडीला पात्रता-स्पर्धा म्हणतात. तिची रचना कशी असते, तिच्यांतून आपला देश कसा गेला, आणि शेवटीं तिचा खरा उपयोग कोणता, हें आज थोडक्यांत सांगावें असा विचार आहे.

जागतिक चषकाच्या महिन्यांत वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने फुटबॉलनें भरून जातात. पात्रता-सामन्यांची बातमी मात्र एखाद्या कोपऱ्यांत चार ओळींत उरकलेली असते. जे देश दर खेपेस मुख्य स्पर्धेंत दिसतात त्यांच्या दृष्टीनें हें ठीक आहे. परंतु भारत जागतिक चषकांत आजवर एकही सामना खेळलेला नाहीं. ऑलिंपिकमधील आणि आशियाई क्रीडास्पर्धांमधील यशाचे जुने दिवस सोडले, तर आपल्या फुटबॉलचें बरेंचसें भाग्य या कोपऱ्यांतल्या चार ओळींतच लिहिलें गेलें आहे. म्हणून त्या ओळी वाचतां येणें हें आपल्याला अधिक अगत्याचें आहे.

प्रथम, अशी स्पर्धा लागतेच कशाला? १९३० सालीं उरुग्वे देशांत पहिला जागतिक चषक झाला तेव्हां ती लागली नव्हती. महासागर ओलांडून बोटीनें यावयास फारसे देश तयार नव्हते. जे तेरा देश आले ते सारे खेळले. चार वर्षांनीं इटलींत स्थिति पालटली. जागा सोळा आणि मागणी करणारे बत्तीस. तेव्हां पहिल्यानें चाळणी लावावी लागली, आणि ती इतकी कडक होती कीं, यजमान इटलीलाही तिच्यांतून जावें लागलें. ग्रीसचा चार गोलांनीं पराभव केल्यावरच इटलीला स्वतःच्या घरच्या स्पर्धेंत प्रवेश मिळाला. पुढें यजमानाला ही सूट मिळूं लागली. आज ‘फिफा’ या जागतिक महासंघाचे सभासद दोनशेंहून अधिक आहेत, आणि २०२६ सालच्या चषकासाठीं वाढवून ठेवलेल्या जागा आहेत अठ्ठेचाळीस. इतक्या देशांना एके ठिकाणीं जमवून खेळवावयाचें म्हटलें तर वर्षही पुरणार नाहीं. म्हणून खंडवार वांटणी करतात. आशियाचा कारभार १९५४ सालीं मनिला येथें स्थापन झालेला आशियाई महासंघ पाहतो. या खंडाला २०२६ साठीं थेट अशा आठ जागा दिलेल्या होत्या. त्याच महासंघाचा स्वतःचा आशियाई चषकही आहे. त्यांत शिरण्यासाठीं पुन्हां निराळी चाळणी.

आतां ही चाळणी चालते कशी तें पाहूं. खानदेशांतल्या जत्रेंत कुस्त्यांचा फड ज्यांनीं पाहिला असेल त्यांना कल्पना येईल. तेथें जोड लावणारे जाणते लोक मल्लांची छाती-दंड पाहून, नांवलौकिक विचारून, तोडीस तोड असे दोघे समोरासमोर उभे करतात. फुटबॉलच्या पात्रता-स्पर्धेंत हेतु थोडा उलटा असतो. बलाढ्य देश आरंभींच एकमेकांवर आदळून बाद होऊं नयेत, म्हणून जागतिक क्रमवारीवरून देशांचे थर पाडतात आणि प्रत्येक थरांतून एकेक नांव चिठ्ठ्या टाकून काढतात. त्यामुळें एका गटांत एक बलवान, एक-दोन मध्यम आणि एखादा दुबळा असे देश येतात. मग गटांतला प्रत्येक संघ प्रत्येकाशीं दोनदां खेळतो, एकदां स्वतःच्या देशांत आणि एकदां त्याच्या देशांत. हवा, उंची, मैदानावरचें गवत आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा यांचा लाभ एकालाच मिळूं नये, हा त्यामागचा न्याय. स्पर्धा एकाच देशांत भरवावयाची असल्यास मात्र प्रत्येकाशीं एकदांच सामना होतो.

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. गुण सारखे झाले तर पुढचा निकष कोणता हें त्या त्या स्पर्धेच्या नियमांत आधींच लिहिलेलें असतें. बहुधा आपण केलेले गोल आणि आपल्यावर झालेले गोल यांची वजाबाकी पाहतात. तिला गोलफरक म्हणतात. ज्यांत भावनेला जागा नाहीं असा हा हिशेब आहे. २००२ च्या जागतिक चषकासाठीं २००१ सालीं जे गट-सामने झाले, त्यांत भारताबरोबर संयुक्त अरब अमीरात, येमेन आणि ब्रुनेई हे देश होते. भारतानें बंगळूर येथें अमीरातीला एका गोलानें हरवलें. सहा सामन्यांत आपला पराभव एकच झाला. तरीही शेवटीं अमीरातीचे गुण बारा आणि आपले अकरा भरले, आणि गटांतून एकच संघ पुढें जावयाचा असल्यानें आपण तेथेंच थांबलों. एका बरोबरीचा विजय झाला असता तर चित्र निराळें दिसलें असतें.

दुसरी रीत बाद पद्धतीची. ही सोपी, पण निष्ठुर. दोन देश, दोन सामने, आणि गोलांची बेरीज. २०१० च्या जागतिक चषकासाठीं भारताची गांठ लेबाननशीं पडली. ८ ऑक्टोबर २००७ रोजीं लेबाननमध्यें आपण चार विरुद्ध एक असे हरलों. ३० ऑक्टोबरला फातोर्डा मैदानावर दोन-दोन अशी बरोबरी झाली. बेरीज सहा विरुद्ध तीन. चार वर्षांतून एकदां येणारी ती मोहीम अवघ्या बावीस दिवसांत आणि दोन सामन्यांत संपली. हा दोन सामन्यांचा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हां लागणार आहे.

आतां आपल्या देशाची हकीकत. मुख्य स्पर्धेच्या मांडवांत शिरण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत, आणि भारतानें त्यांतले बहुतेक पाहिलेले आहेत.

पहिला मार्ग प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीचा. १९५० च्या जागतिक चषकाच्या वेळीं आपल्याबरोबर ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाईन्स हे देश होते. तिघांनींही माघार घेतली आणि एक चेंडूही न मारतां भारत पात्र ठरला. पुढें भारतही ब्राझीलला गेला नाहीं. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून आपण गेलों नाहीं, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें फ्रान्सशीं एक विरुद्ध दोन असा झुंजार सामना दिलेल्या आपल्या संघांतले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, हें खरें. परंतु आपल्या महासंघानें त्या वेळीं दिलेलीं कारणें निवडीबाबतचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ हीं होतीं. शिवाय त्या काळीं ऑलिंपिकचें महत्त्व आपल्याकडे जागतिक चषकापेक्षां कितीतरी अधिक मानीत. कारण कोणतेंही असो. फुकट मिळालेल्या पात्रतेची किंमत कोणाला वाटली नाहीं, हें खास. जागतिक चषकाच्या पात्रता-सामन्यांत भारत प्रत्यक्ष उतरला तो १९८५ सालीं, म्हणजे पस्तीस वर्षांनीं.

दुसरा मार्ग यजमानपणाचा. ऑक्टोबर २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांचा जागतिक चषक भारतांत झाला. नवी मुंबईलाही त्याचे सामने झाले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघांत होता. यजमान म्हणून पात्रता-सामने खेळावे लागले नाहींत, आणि गटांतले तिन्ही सामने आपण हरलों. त्या मुलांनीं जीव तोडून खेळ केला. कोलंबियाविरुद्ध एक गोलही केला. पण पात्रतेच्या झगड्यांतून जी शिदोरी बरोबर यावयाची, ती त्यांना मिळालेली नव्हती.

तिसरा मार्ग बाजूच्या दाराचा. त्याविषयीं जरा सविस्तर बोललें पाहिजे. कारण पात्रता-स्पर्धा म्हणजे काय, हें २००८ सालच्या त्या एका प्रसंगांत फार चांगलें दिसतें.

आशियांतील ज्या देशांचा फुटबॉल अद्याप वर आलेला नाहीं, त्यांच्यासाठीं आशियाई महासंघानें २००६ सालीं चॅलेंज चषक नांवाची स्पर्धा सुरू केली. जपान, कोरिया, इराण यांच्याशीं गांठ पडली कीं या देशांचा पालापाचोळा होई. म्हणून त्यांनीं आपसांत खेळावें, आणि त्यांतल्या विजेत्याला आशियाई चषकांत थेट जागा द्यावी, अशी योजना झाली. २००८ च्या विजेत्यासाठीं २०११ च्या आशियाई चषकाची जागा राखलेली होती. ती स्पर्धा भारतांत भरली. भारत आशियाई चषकांत शेवटचा खेळला होता तो १९८४ सालीं सिंगापूरला. त्या वेळीं कलकत्त्यास झालेल्या गट-स्पर्धेंतून आपण पात्र ठरलों होतों. सिंगापुरांत मात्र चार सामन्यांत एकही गोल करतां आला नव्हता. त्यानंतर चोवीस वर्षें दार बंद होतें.

हैदराबादेस पहिला सामना अफगाणिस्तानशीं झाला. दुबळा समजला जाणारा प्रतिस्पर्धी. पण वेळ संपत आली तरी गोल होईना. शेवटीं, अगदीं शेवटच्या घटकेस, गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सनें गोल केला आणि भारत एका गोलानें जिंकला. त्यानंतर ताजिकिस्तानशीं एक-एक अशी बरोबरी झाली आणि तुर्कमेनिस्तानवर दोन विरुद्ध एक असा विजय मिळाला. भारताचे गुण सात, आणि गटांत स्थान पहिलें.

आतां श्रोत्यांनीं एक छोटासा हिशेब करून पाहावा. लॉरेन्सचा तो गोल झाला नसता तर काय झालें असतें? विजयाचे तीन गुण जाऊन बरोबरीचा एक राहिला असता, म्हणजे भारताचे गुण पांच. ताजिकिस्तानचेही गुण पांचच होते. परंतु त्यांनीं अफगाणिस्तानला चार गोलांनीं हरवलेलें असल्यामुळें त्यांचा गोलफरक आपल्याहून सरस ठरला असता. आपण दुसरे झालों असतों. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाची उपांत्य सामन्यांत गांठ होती उत्तर कोरियाशीं. त्या संघानें आपल्या गटांतले तिन्ही सामने स्वतःवर एकही गोल होऊं न देतां जिंकले होते, आणि पुढच्याच वर्षीं तो २०१० च्या जागतिक चषकाला पात्र ठरला. पहिला क्रमांक मिळाल्यामुळें भारतापुढें म्यानमार आला, आणि सुनील छेत्रीच्या एकमेव गोलानें आपण अंतिम सामन्यांत गेलों. तिकडे उत्तर कोरियाला ताजिकिस्ताननें एका गोलानें हरवलें. जो गोल त्या दिवशीं ‘कसाबसा झाला’ असें वाटलें असेल, त्यानें अशी सारी वाट बदलली. पात्रता-स्पर्धेंत एकही सामना किरकोळ नसतो तो यामुळें.

ऑगस्टचा महिना होता. हैदराबादेस पावसानें मैदानाची पार दशा झाली, म्हणून अंतिम सामना दिल्लीस आंबेडकर स्टेडियमवर नेण्यांत आला. १३ ऑगस्ट २००८ रोजीं भारतानें ताजिकिस्तानचा चार विरुद्ध एक असा पराभव केला. छेत्रीनें तीन गोल केले, कर्णधार भाईचुंग भुतियानें एक. मुंबईचा स्टीव्हन डायसही त्या विजयी संघांत होता. बॉब हॉटन या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखालीं या संघानें तें दार उघडलें.

आणि पुढें? जानेवारी २०११ मध्यें कतारमध्यें आशियाई चषक झाला. ऑस्ट्रेलियानें आपल्याला चार गोलांनीं हरवलें; बहरीननें पांच विरुद्ध दोन, दक्षिण कोरियानें चार विरुद्ध एक. तीन सामन्यांत आपल्यावर तेरा गोल झाले आणि आपण तीन केले.

येथें एक वाद उभा राहतो आणि तो टाळण्यासारखा नाहीं. एक पक्ष म्हणतो, असें बाजूचें दार ठेवणें म्हणजे गुणवत्तेची थट्टा. ज्या मध्यम देशांनीं सरळ मार्गानें बलाढ्यांशीं टक्कर दिली आणि थोडक्यांत हरले, त्यांची जागा दुबळ्यांतल्या पहिल्याला कां द्यावी? आणि दिल्यावर त्याचे तेरा गोलांनीं धिंडवडे निघतात, त्यांत त्याचें तरी हित काय? दुसरा पक्ष म्हणतो, आशियाई चषक हा साऱ्या आशियाचा आहे. पांच-सहा श्रीमंत किंवा बलाढ्य देशांचाच तो राहिला, तर इतर ठिकाणीं मुलें खेळतील तरी कोणाकडे पाहून?

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. माझ्या मतें निर्णय एका वेगळ्या गोष्टीवर अवलंबून आहे. दार सरळ आहे कीं बाजूचें, यापेक्षां त्या दारापर्यंतच्या वाटेवर दुबळ्या देशाला खेळावयास किती मिळतें, हें पाहिलें पाहिजे. चॅलेंज चषकांत भारताला त्या जागेसाठीं पांच सामने खेळावे लागले, आणि तेही पंधरा दिवसांत. पुढें, २०१२ सालीं, त्याच स्पर्धेंत आपण गटांतले तिन्ही सामने हरलों. २०१४ च्या खेपेस अंतिम फेरीपर्यंतही पोंचलों नाहीं. म्हणजे एका पंधरवड्याच्या पराक्रमानें दार उघडलें, पण पाय स्थिर झाला नाहीं.

२०१४ नंतर चॅलेंज चषक बंद झाला. आशियाई महासंघानें चषकांतल्या जागा सोळांवरून चोवीस केल्या, आणि जागतिक चषकाची व आशियाई चषकाची चाळणी पहिल्या फेऱ्यांपुरती एकच केली. जो देश जागतिक चषकाच्या वाटेवर हरेल, त्याला घरीं न पाठवतां आशियाई चषकाच्या पुढील फेरींत घ्यावयाचें, असा नवा क्रम ठरला. याचा परिणाम आंकड्यांत पाहावा. मार्च २०१५ मध्यें भारत नेपाळशीं दोन सामने खेळला. मग इराण, ओमान, तुर्कमेनिस्तान आणि ग्वाम यांच्या गटांत आठ सामने. त्यांतले सात आपण हरलों, अगदीं ग्वामसारख्या चिमुकल्या बेटाकडूनही एकदां हरलों, आणि गटांत तळाला राहिलों. जुन्या पद्धतींत सारें तेथेंच संपलें असतें. नव्या पद्धतींत लाओसशीं दोन सामने मिळाले, ते जिंकले; आणि मग म्यानमार, किर्गिझस्तान व मकाव यांच्या गटांत आणखी सहा. एकूण अठरा. २००७ सालीं दोन, आणि आतां अठरा! या अठरा सामन्यांच्या मोहिमेंत भारत आशियाई चषकाला पात्र ठरला, आणि ६ जानेवारी २०१९ रोजीं अबू धाबी येथें त्यानें थायलंडचा चार विरुद्ध एक असा पराभव केला. सात पराभव पचवून उभा राहिलेला संघ तो हाच.

मात्र हें सूत्र एकदां हातीं लागलें म्हणजे काम झालें, असें कोणी समजूं नये. पात्रता वारसाहक्कानें मिळत नाहीं. ती दर खेपेस नव्यानें मिळवावी लागते. २०२४ च्या आरंभीं कतारमध्यें झालेल्या आशियाई चषकांत आपण तिन्ही सामने एकही गोल न करतां हरलों. २०२७ च्या चषकासाठीं बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर असा गट मिळाला; पुढें फक्त पहिलाच जाणार होता. गट पाहून अनेकांना वाट सोपी वाटली. बांगलादेशाशीं बरोबरी, हाँगकाँगकडून पराभव, सिंगापुराशीं बरोबरी, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं फातोर्डा मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, सिंगापूरकडून एक विरुद्ध दोन असा पराभव. आशा तेथें मावळली. सामने मिळाले तरी त्यांतून शिकणें हें ज्याचें त्यालाच करावें लागतें.

शिकणें म्हणजे काय, याचें उत्तम उदाहरण उझबेकिस्ताननें घालून दिलें आहे. स्वतंत्र झाल्यावर या देशानें १९९८ च्या जागतिक चषकासाठीं पहिला प्रयत्न केला आणि तो फसला. २००५ सालीं बहरीनशीं जिंकलेला त्यांचा सामना पंचांच्या नियमविषयक चुकीमुळें रद्द झाला, पुन्हां खेळवला गेला, आणि परक्या मैदानावर केलेल्या गोलाला अधिक मोल देणाऱ्या तत्कालीन नियमानें ते बाद झाले. २०१३ सालीं दक्षिण कोरियाइतकेच गुण मिळूनही गोलफरकांत एका गोलानें ते मागें पडले. अशा सात मोहिमा वाया गेल्या. आठव्या खेपेस, जून २०२५ मध्यें, ते २०२६ च्या जागतिक चषकाला पात्र ठरले. या सात मोहिमा वाया गेल्या असें आपण सहज म्हणतों, पण त्या खरोखर वाया गेल्या होत्या काय?

आपल्या भाषेंत ‘पात्र’ या शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत. भांडें म्हणजे पात्र, नाटकांतली भूमिका म्हणजे पात्र, आणि नदीचा विस्तार म्हणजेही पात्रच. नंदुरबारहून तळोद्याला जातांना तापी ओलांडावी लागते. तिचें तें रुंद पात्र पाहिलें कीं वाटतें, केवढी जागा या नदीला मिळाली आहे! पण ती जागा तिला कोणी दिलेली नाहीं. वर्षानुवर्षें वाहून वाहून तिनेंच ती कोरून काढलेली आहे. पात्रतेचेंही तसेंच आहे. आधीं पात्र व्हावें आणि मग खेळावें, असा क्रम नियमांच्या पुस्तकांत असतो. प्रत्यक्षांत खेळतां खेळतांच पात्रता येते. म्हणून चांगली पात्रता-स्पर्धा कोणती, तर जी हरणाऱ्यालाही भरपूर खेळवते ती.

हा विचार राष्ट्रांना लागू आहे, त्याहून अधिक तो शाळांना लागू आहे. आरंभीं ज्या शिडीचा उल्लेख केला, तिच्यावर बहुतेक सामने बाद पद्धतीनें होतात. जून महिन्यापासून सराव केलेली मुलें तापी ओलांडून नंदुरबारास जातात, पहिलाच सामना एका गोलानें हरतात, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत येतात. त्यांचें त्या वर्षाचें फुटबॉल तेवढ्यावर संपलें. लेबाननशीं खेळलेल्या आपल्या राष्ट्रीय संघाला निदान दोन सामने तरी मिळाले होते. या मुलांना एकच. सप्टेंबर २०१७ मध्यें महाराष्ट्रांत दहा लक्ष मुलांनीं एका दिवशीं फुटबॉल खेळावें, असा संकल्प करून गांवोगांवच्या शाळांत चेंडू पोंचवण्यांत आले. उपक्रम स्तुत्य होता. परंतु दहा लक्ष मुलांच्या एका दिवसापेक्षां शंभर मुलांचे दहा रविवार अधिक फळ देतात.

याला मोठा खर्च लागत नाहीं. तळोदा, शहादा, अक्कलकुवा अशा शेजारच्या तालुक्यांतल्या चार शाळांनीं ठरवलें, तर जिल्ह्याच्या स्पर्धेपूर्वीं आपसांत साखळी सामने खेळतां येतील. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावें, एकदां आपल्या मैदानावर आणि एकदां त्यांच्या. म्हणजे प्रत्येक शाळेला सहा सामने मिळाले. जी शाळा सहाही हरेल, तिच्या मुलांना सहा पराभवांत काय चुकलें तें कळलेलें असेल, आणि पुढच्या वर्षीं तीं मुलें नंदुरबारास जातील तेव्हां पहिल्याच सामन्यांत गांगरणार नाहींत. गुणांचा आणि गोलफरकाचा तक्ता एखाद्या शिक्षकानें फळ्यावर मांडून ठेवला, तर गणिताचा एक तासही सार्थकीं लागेल.

आणि ज्या घरांत वर्तमानपत्र येतें, तेथील वडील मंडळींनाही एक विनंती. यापुढें पात्रता-सामन्याची ती चार ओळींची बातमी दिसली, तर नुसता जय-पराजय वाचून पान उलटूं नये. गटांत किती देश आहेत, पुढें किती जाणार, गोलफरक काय, आणि हरलेल्याला आणखी किती सामने शिल्लक आहेत, एवढें मुलांना बरोबर घेऊन पाहावें. त्या चार प्रश्नांच्या उत्तरांत त्या देशाच्या फुटबॉलचें आजचें बळ दिसतें. आणि शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांत त्याचें उद्यांचें.